लाठी परदेशी गेली तर काय बुडेल?

परदेशातल्या एखाद्या मार्शल आर्ट्सच्या शाळेनं बोलावलं म्हणून तिकडे जाऊन लाठी, पट्टा, फरी-गदका शिकवणं म्हणजे विद्येचा लिलाव, असं मत हल्ली आमच्या नवी मुंबईत बऱ्याच तावातावानं मांडलं जातं. कोपरखैरण्यात मुलांना मर्दानी खेळ शिकवणाऱ्या एका तरुणाला युरोपातून दोन दिवसांच्या कार्यशाळेचं आमंत्रण आलं. शिवजयंतीच्या तयारीसाठी भरलेल्या बैठकीत विषय मिरवणुकीच्या मार्गावरून घसरला तो थेट त्याच्यावर. एका ज्येष्ठ वस्तादांनी त्याला सुनावलं: गोरे पहिल्या दिवशी शिकतात, दुसऱ्या दिवशी शाळा काढतात आणि तिसऱ्या दिवशी आपल्यालाच सर्टिफिकेट विकायला येतात. टाळ्या पडल्या. वाक्य फक्कड आहे यात शंका नाही, पण ते खोटं आहे.

वस्तादांचा हात मी पाहिलेला आहे. या वयातही जमिनीवर ठेवलेलं लिंबू त्यांच्या पट्ट्याच्या पात्यातून सुटत नाही. त्यांच्या कसबाबद्दल बोलायची माझी प्राज्ञा नाही. त्यांच्या युक्तिवादाबद्दल आहे.

चोरीच्या भीतीपासून सुरुवात करू, कारण टाळ्या तिलाच पडल्या. विद्या परदेशी गेली की हातची जाते असं ज्यांना वाटतं, त्यांनी मुगदलाचं काय झालं ते पाहावं. आपल्या तालमींत पैलवान जोडी फिरवायचे. इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी ते पाहिलं, उचललं, आणि एकोणिसाव्या शतकात हा व्यायाम विलायतेच्या आणि अमेरिकेच्या व्यायामशाळांत जाऊन बसला. सायमन केहो यानं १८६६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यावर पुस्तक काढलं. १९०४च्या सेंट लुइस आणि १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तर क्लब, म्हणजे हेच मुगदल, फिरवण्याची रीतसर स्पर्धा झाली आणि दोन्ही वेळा तिन्ही पदकं अमेरिकनांनी नेली. आज रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये मुली जे क्लब हवेत उडवून झेलतात त्यांचं घराणंही हेच. या सबंध प्रवासात आपल्या एका तालमीचं, एका वस्तादाचं नाव कुठे येत नाही. येणार कसं? वस्ताद गेलाच नव्हता. मुगदल बोटीत चढला आणि तो फिरवायला शिकवणारा माणूस धक्क्यावर राहिला.

म्हणजे न शिकवल्यानं विद्या घरात राहते हा समजच मुळात कच्चा आहे. ती जातेच, फक्त मालकाचं नाव मागे टाकून जाते. आज तर बोटीचीही गरज नाही. कोल्हापूरच्या मिरवणुकीतले पट्ट्याचे हात कोणीतरी मोबाईलवर टिपतो आणि मिरवणूक संपायच्या आत ते पोलंडमधला माणूस पाहत असतो. तो ते पाहून घरी काठी फिरवणार, चुकीची फिरवणार, आणि त्यालाच मराठ्यांची युद्धकला म्हणणार. त्याला थांबवण्याचा एकच मार्ग आहे: नीट येणाऱ्या माणसानं तिथे जाऊन त्याचा पवित्रा दुरुस्त करणं.

हत्यारांचंच बघा. २०२४च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांच्या उसनवारीवर साताऱ्याला आली. (ती महाराजांचीच याची खात्री देता येत नाही, असं त्या म्युझियमचंच म्हणणं आहे, पण ती पाहायला जाणाऱ्यांच्या मनात तो प्रश्न फारसा नव्हता.) लंडन-न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत आपले पट्टेही काचेआड आहेत. लोखंड केव्हाच गेलं आणि त्याचं आपण फारसं मनावर घेतलं नाही. ते चालवायचं कसं हे सांगणारा जिवंत माणूस विमानात बसायला निघाला, की मात्र आपल्याला लिलाव आठवतो.

जपान्यांनी नेमकं उलटं केलं. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान काढलं आणि शिष्यांना मुद्दाम परदेशी धाडलं. त्यांचा शिष्य यामाशिता १९०४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना जुदो शिकवत होता. रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून शिंझो ताकागाकी १९२९ मध्ये शांतिनिकेतनात आले आणि त्यांनी मुलग्यांबरोबर मुलींनाही शिकवलं. वस्तादांची भीती खरी ठरण्याचा प्रसंगही जपानवर आला. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, अँटन गेसिंक या धिप्पाड डच माणसानं खुल्या गटाच्या अंतिम लढतीत अकिओ कामिनागाला जमिनीला जखडून टाकलं. सभागृह सुन्न झालं. मग जुदो डचांचा झाला का? २०२१ मध्ये त्याच टोकियोत जपाननं जुदोची नऊ सुवर्णपदकं घेतली. आणि गेसिंकच्या देशातही पंच अजून ‘हाजिमे’ म्हणूनच लढत सुरू करतो.

एवढं लांब तरी कशाला जायचं? नेरुळ, सीवूड्स, खारघर, कुठल्याही सोसायटीच्या पोडियमवर संध्याकाळी चक्कर मारा. पांढऱ्या कपड्यातली पोरं ‘इची, नी, सान, शी’ असं ओरडत ठोसे मारताना दिसतील. त्यांत आगऱ्यांची पोरं असतात, माथाडींची असतात, मल्याळी, गुजराती, सगळी असतात. ओकिनावा बेटाचं यांनी काय चोरलं? उलट गेली कित्येक वर्षं आपण त्या बेटाच्या विद्येला दरमहा फी भरतो आहोत. ओकिनावातही कराटे एकेकाळी दार लावून शिकवलं जाई. अंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते शाळांत नेलं, गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये टोकियोत त्याचं प्रात्यक्षिक केलं आणि मग तिथेच राहून परक्या विद्यार्थ्यांना शिकवलं. त्या बेटावरही नाकं मुरडणारे वस्ताद असतीलच. त्यांचं ऐकलं गेलं असतं तर नेरुळच्या पोरानं आज कोणाचे आकडे मोजले असते, याचा विचार व्हावा. आपले तर नक्कीच नाही.

योगाचं उदाहरण वस्तादांनी उलट्या अर्थानं दिलं होतं. म्हणे, बघा, अमेरिकेत एकानं आसनांवर हक्क सांगितला! सांगितला खरा. पण तो आसनांच्या क्रमावर कॉपीराइट मागणारा, तापवलेल्या खोलीत लोकांना घाम गाळायला लावणारा बिक्रम चौधरी हा मूळचा कलकत्त्याचा. आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्याच अपील कोर्टानं त्याला सांगितलं की आसनांच्या क्रमावर असा हक्क कोणालाच मिळत नाही. चोर म्हणून ज्याला उभं केलं तो आपलाच निघाला, आणि त्याला अडवलं परक्यांच्या कोर्टानं. हे उदाहरण वस्तादांनी पुढच्या वेळी वगळावं.

त्यापेक्षा पुण्याचं उदाहरण घ्यावं. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले ते डेक्कन जिमखान्याच्या परिसरात योग शिकवायला. १९५२ मध्ये व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांची गाठ पडली, १९५४ मध्ये ते स्वित्झर्लंडला जाऊन आले, आणि पुढे वर्षानुवर्षं तिकडच्या वर्गांसमोर उभे राहिले. खुर्चीवर वाढलेली, मांडी न घालता येणारी, अंग आखडलेली माणसं समोर. अशांना आसन कसं द्यायचं या प्रश्नाचा पाठपुरावा त्यांनी पुण्यातही केला आणि परदेशातही. पायऱ्या पाडल्या, ठोकळे, पट्टे, दोऱ्या यांचा आधार घेतला, शिक्षकाची परीक्षा ठरवली. १९६६ मध्ये ‘लाइट ऑन योग’ आलं, १९७५ मध्ये मॉडेल कॉलनीजवळची संस्था उभी राहिली, आणि तेव्हापासून जगभरची माणसं पिशव्या घेऊन पुण्यात येतात. गुडघे धरलेल्या पुण्याच्या आजीबाईंनाही तेच ठोकळे मिळतात. परदेशासाठी केलेली मांडणी घरी अशी कामाला येते.

आता दोन दिवसांचा आक्षेप. हा वजनदार आहे आणि मी तो झटकणार नाही. मर्दानी खेळ दोन दिवसांत येत नाही, दोन वर्षांतही धड येत नाही. या क्षेत्रात भोंदूही भरपूर आहेत. स्वतःला ग्रँडमास्टर म्हणवून घेणारे, कुठल्या तरी ‘विश्वविक्रमाची’ फ्रेम भिंतीला लावणारे, शनिवारी शिकवून रविवारी ब्लॅक बेल्ट वाटणारे, आणि तेही अशा खेळात की ज्यात ब्लॅक बेल्ट नावाची चीज कधी नव्हतीच. अशांना वस्तादांनी खुशाल झोडपावं, मी लाठी आणून देईन. त्या तरुणानंही हे पथ्य पाळायलाच हवं: हजेरीचा कागद द्यावा, शिक्षक झाल्याचा देऊ नये.

पण कार्यशाळा म्हणजे शिष्य घडवायची जागा, हे गृहीतच चुकीचं आहे. तिथे समोर उभी असलेली माणसं कोरी नसतात. कोणी दहा-बारा वर्षं केंडो केलेलं असतं, कोणी फिलिपिन्सची काठी, कोणी युरोपातली जुनी तलवारबाजी. पाय कुठे पडतो हे त्यांना कळतं. शिवाय शिकवणाऱ्याच्या हाताशी ढोल-ताशा नसतो, फेटा नसतो, पेटते गोळे नसतात. धारदार पट्टा विमानातून न्यायचा तर तो चेक-इन सामानात टाका, विमान कंपनीला आधी कळवा, उतरल्यावर तिथला कायदा बघा. त्यापेक्षा बरेच जण रिकाम्या हातानं जातात आणि तिथे मिळेल ती वेताची काठी घेऊन शिकवतात. म्हणजे ज्याच्या जोरावर आपण मिरवणुकीत टाळ्या घेतो ते सगळं काढून घेतल्यावर जे उरतं, तेवढंच शिकवायचं.

आणि मग प्रश्न येतात. डावा पाय आधी का? इथे मनगट फिरतं की कोपर? काठी डोक्यावरून जाताना नजर कुठे ठेवायची? समोर एकच माणूस असेल तर हा हात त्याला कुठे लागतो, आणि चौघांनी घेरलं असेल तर पहिला कोणावर? हा फेरा मारायचा म्हणून आहे की दुसऱ्याला लांब ठेवायचा म्हणून? आमच्या तालमीत असं विचारणाऱ्या पोराला ‘आधी फिरव, मग बोल’ हे उत्तर मिळायचं. वाईट उत्तर नाही ते. रोज पहाटे येऊन पाच वर्षं फिरवणाऱ्या पोराला बोलायची गरज पडत नाही, अंगालाच कळतं. पण दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाला हे उत्तर देता येत नाही. त्याला कारण द्यावं लागतं. कारण माहीत नसेल तर शिक्षकाची पंचाईत होते, आणि ही पंचाईत फार मोलाची आहे. परतल्यावर तो आपल्या वस्तादाला जाऊन विचारतो, ‘वस्ताद, हा हात नेमका कशासाठी?’ कदाचित कित्येक वर्षांत कोणी विचारलेलं नसतं.

आता कोपरखैरण्याकडे या. त्या तरुणाच्या वर्गात येणारी पोरं रोज पहाटे येतात का? ती आठवड्यातून दोनदा येतात, ट्यूशन आणि स्विमिंगच्या मध्ये सापडलेल्या तासाभरासाठी. परीक्षा आली की महिनाभर गायब. त्यांना ‘आधी फिरव’ सांगून भागत नाही, कारण तेवढं फिरवायला ती थांबतच नाहीत. म्हणजे युरोपातल्या शनिवार-रविवारसाठी जी मांडणी करावी लागते, कोणता हात आधी, कोणता नंतर, कुठला सोडून दिला तरी चालेल आणि कुठला नाही, तीच मांडणी नवी मुंबईच्या आठवडी दोन तासांना हवी आहे. पाहुण्यांसाठी म्हणून ती एकदा झाली की घरच्यांच्या उपयोगी पडते. हा माझा मुख्य मुद्दा आहे आणि त्याला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

मल्लखांबानं हे करून दाखवलं. दादरच्या शिवाजी पार्कवरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ सालचं. तिथल्या उदय देशपांडे यांनी पन्नासहून अधिक देशांतल्या लोकांना मल्लखांब शिकवला, आणि २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच माणसानं अंध मुलांनाही मल्लखांब शिकवला, आणि मला ही गोष्ट परदेश दौऱ्यांहून कमी महत्त्वाची वाटत नाही. ज्याला दिसत नाही त्याला ‘बघ आणि कर’ सांगता येत नाही. तिढी कुठे बसते, पकड कुठे सुटते, वजन कुठे जातं हे शब्दांनी आणि स्पर्शानं सांगावं लागतं. परका आणि अंध, दोघांना शिकवायला शिक्षकाची एकच तयारी लागते. २०१९च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, पंधरा देशांचे खेळाडू आले. त्या दिवशी दादरचा मल्लखांब काही उणा झाला नाही.

पुढे २०२० च्या अखेरीस केंद्र सरकारनं खेलो इंडिया युवा स्पर्धांत चार देशी खेळ घेतले: मल्लखांब, गटका, कलरीपयट्टू आणि थांग-ता. शिखांचा गटका इंग्लंड-कॅनडात गेलेला आहे, कलरीचे गुरू कित्येक वर्षं परदेशात शिकवत आले आहेत, मल्लखांबाचं वर सांगितलंच. मर्दानी खेळ त्या यादीत नव्हता. हा नुसता योगायोग असेल, मी त्यावर इमला बांधत नाही. पण ज्या खेळांनी परक्यांपुढे उभं राहून आपले नियम आणि क्रम घासूनपुसून ठेवले, त्यांच्याकडे दिल्लीच्या टेबलावर ठेवायला काहीतरी तयार होतं, एवढं नक्की.

युरोपातल्या जुन्या तलवारबाजीचा उल्लेख वर आला, तिच्यापाशी थोडं थांबायला हवं, कारण वस्तादांना ती माहीत असती तर त्यांनी त्या लोकांना चोर म्हटलं नसतं. त्या लोकांची गुरुपरंपरा तुटली. मध्ययुगातली लांब तलवार कशी चालवायची हे हातातून हातात सांगणारा माणूस त्यांच्याकडे उरला नाही. उरली पुस्तकं: फिओरे दे लिबेरी या इटालियन उस्तादाचं पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं हस्तलिखित, योआखिम मेयर याचा १५७० सालचा जर्मन ग्रंथ. ती चित्रं आणि त्रोटक ओळी समोर ठेवून ही माणसं अंदाजानं एकेक हात पुन्हा उभा करतात, जमला नाही की पुन्हा पुस्तक उघडतात. अशा माणसांना जिवंत वस्ताद पाहायला मिळाला तर त्यांचं काय होत असेल! ते पट्ट्याला हात लावायच्या आधी विचारतात: तुमच्याकडे यावर लिहिलेलं काय आहे?

आहे की. बडोद्याहून दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनी मराठीत व्यायामज्ञानकोश काढला, दहा खंडांचा, १९३६ पासून १९४९ पर्यंत. त्यात कुस्ती आहे, मल्लखांब आहे, लाठी, पट्टा, बनेटी, सगळं चित्रांसकट. आपल्या बैठकीत टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी त्याचा एक तरी खंड कोणी उघडला असेल, अशी आशा मी ठेवतो, पण पैज लावणार नाही. त्यांच्याकडे पुस्तक आहे आणि वस्ताद नाही. आपल्याकडे दोन्ही आहेत, आणि आपण वस्तादाला मिरवणुकीत नाचवतो, पुस्तक वाचनालयाच्या वरच्या फळीवर ठेवतो.

संस्कारांचा आक्षेप मला सर्वांत दुबळा वाटतो, म्हणून थोडक्यात. परक्यांना मारुतीचं काय, मातीचं काय, असं म्हणतात. ब्राझीलमधला कापोएरा १८९० मध्ये तिथल्या दंडसंहितेत गुन्हा ठरला होता. आज तो जगभर शिकवला जातो, युनेस्कोनं २०१४ मध्ये त्याला मानवतेचा वारसा म्हणून नोंदवलं, आणि जर्मनीतली माणसंसुद्धा रिंगणात बसून पोर्तुगीजमध्येच गाणी म्हणतात. शिकवणारा ब्राझीलचा असला की गाणीही येतात. आपल्याकडचा तरुण गेला तर तो आधी मातीला हात लावून कपाळाला लावेल आणि बाकीचे बघून तेच करतील. आणि आपली माती तरी कुठे सोवळ्यात वाढली? शाहू महाराजांनी १९०२च्या युरोप प्रवासात रोमचं जुनं आखाड्याचं मैदान पाहिलं, त्यातून १९१२ मध्ये खासबाग उभं राहिलं. कोल्हापूरच्या तालमींत त्यांनी पंजाबचे मल्ल आणून ठेवले. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९४८च्या लंडन ऑलिंपिकआधी मॅटवरची कुस्ती शिकवली ती रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकानं, आणि चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक घेतलं. विद्या आत आली तेव्हा आपण तिला शहाणपण म्हटलं. बाहेर निघाली की लिलाव.

पैशाबद्दल बोलायला आपल्याला उगाच संकोच वाटतो. जुने वस्ताद फुकट शिकवत, हे बरोबर. पण त्यांच्या खुराकाची सोय दरबारानं, संस्थानानं, गावानं केलेली असे. आज कोपरखैरण्यात भाड्यानं राहणाऱ्या माणसाला दरबार नाही. त्याचे वडील वाशीच्या बाजारात पाठीवर पोती वाहणारे माथाडी, साताऱ्याकडून आलेले, गावच्या तालमीतली लाठी सोबत घेऊन आलेले. मुलगा नोकरी सांभाळून शिकवतो. त्याला दोन दिवसांचं मानधन मिळालं तर त्यात लाजण्यासारखं काय आहे ते मला कळलेलं नाही.

आता माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडं भांडतो, कारण त्या बैठकीत त्यांनीही एक वाईट मुद्दा मांडला. ते म्हणाले, परदेशात वाहवा झाली की इथेही किंमत वाढते. अमरावतीचे लोक बर्लिनला गेले होते तेव्हा केवढं कौतुक झालं! गेले होते. १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेलं, कबड्डी, मल्लखांब, लाठी असे आपले खेळ त्यांनी तिथे दाखवले. त्या काळी स्वबळावर जाणं ही केवढी हिंमत, याबद्दल दुमत नाही. पण १९३६ च्या बर्लिनमध्ये टाळ्या कोणाच्या राज्यात पडत होत्या हे आठवलं की त्या टाळ्यांना मी प्रमाणपत्र मानत नाही. आणि मुख्य म्हणजे तो खेळ दाखवणं होतं, शिकवणं नव्हतं. दाखवून आलेला माणूस कौतुक घेऊन परततो आणि शिकवून आलेला प्रश्न घेऊन. वाहवासाठी जायचं असेल तर वस्तादांचं ऐकून घरी बसलेलं बरं. मी जे समर्थन करतो आहे ते प्रश्नांसाठी जाण्याचं.

राहिला शेवटचा बाण: ‘आधी इथे शिकवा, मग तिकडे जा.’ हा ऐकायला इतका रास्त वाटतो की त्यावर कोणी उलट बोलत नाही. बोलायला हवं. इथे म्हणजे कुठे? पोडियमवर लाठी फिरवू देत नाहीत, काचा फुटतात. मल्लखांब पुरायचा तर स्लॅबखालच्या वॉटरप्रूफिंगचं कारण येतं, आणि जमिनीवर जेमतेम अडीच मीटर उंच असलेल्या त्या सागवानी खांबासाठी सोसायटीच्या सभेत ठराव लागतो. मैदानं टर्फवाल्यांकडे गेली. आगरी गावांत जत्रेच्या कुस्त्या अजून होतात, ते त्यांचं श्रेय. पण सिडकोच्या सेक्टरांतल्या पोराला गावठाणाची वाट ठाऊक नसते. २०२४च्या शिवजयंतीला सरकारनं दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर केला. त्यानंतर सेक्टरातल्या किती पोरांच्या हातात पट्टा आला?

आणि इथे शिकवलं जातं ते काय? जानेवारी लागली की शिवजयंतीची तालीम सुरू होते. ट्रकवरून, रस्त्याच्या कडेवरून, मोबाईलमधून जे चांगलं दिसेल ते निवडलं जातं. एकट्यानं गरगर फिरवायची लाठी टिकते, पेटते गोळे टिकतात, लिंबू कापणं टिकतं. दोघांनी समोरासमोर खेळायचा फरी-गदका मागे पडतो, कारण त्यात दोघेही सावध असतात, बराच वेळ काहीच होत नाही, आणि गर्दीला कंटाळा येतो. लढाईचा जो भाग आहे तोच गळतो आणि भिरभिरं उरतं. हा खेळ परदेशी कार्यशाळांनी पातळ केला असं म्हणणाऱ्यांनी सांगावं, की मिरवणुकीसाठी तो पातळ कोणी केला. तिथे एकही गोरा नव्हता.

युरोपातून त्या तरुणाला आलेल्या पत्रात मात्र दोन माणसांच्या खेळाचीच मागणी आहे. एकट्यानं फिरवायच्या काठीत त्यांना रस नाही. त्यामुळे त्याला फरी-गदक्याचे हात आठवून, वस्तादांना विचारून, क्रमानं लिहून काढावे लागणार आहेत. त्यानं लिहायला सुरुवात केली आहे, शाळेच्या दोनशे पानी वहीत, मराठीत. आधी त्या वहीवरून रविवारी इथल्या पोरांना शिकवून बघायचं असं त्याचं ठरलं आहे. वही मी वस्तादांकडे पोचवली आहे. त्यांनी अजून ती परत केलेली नाही, पण पहिल्याच पानावरचा पवित्रा चुकीचा लिहिलाय असा निरोप मात्र आला आहे.